पंप हृदयाचा, हुकूम वाहिन्यांचा

नोकरीची सगळी वर्षे पाणीपुरवठ्याच्या कामात गेल्यामुळे मला एक खोड जडली आहे. कुठेही पंप दिसला की त्याच्याकडे बघण्याआधी मी त्याच्या मागचे आणि पुढचे नळ बघतो. पंपाची अश्वशक्ती पाटीवर लिहिलेलीच असते. पाणी कोणत्या गल्लीत पोचेल आणि कोणत्या गल्लीत पोचणार नाही, हे मात्र नळांचे व्यास आणि त्यांवरचे व्हॉल्व्ह ठरवतात. निवृत्तीनंतर रक्तदाबाची गोळी सुरू झाली, अप्पा बळवंत चौकातून शरीरक्रियाशास्त्राची जुनी पाठ्यपुस्तके आणून वाचण्याचा नाद लागला, आणि तिथेही हीच खोड कामाला आली. तळजाईच्या टेकडीवर सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींत हृदयाबद्दल अखंड बोलणे चालते. रक्तवाहिन्यांचे नाव निघते ते कुणाची अँजिओग्राफी झाली तरच. माझ्या मते चर्चेचे हे प्रमाण उलटे असायला हवे, आणि का, ते या लेखात मांडतो आहे.

आधी पंपाचा हिशेब करू. प्रौढ माणसाचे हृदय विश्रांतीच्या स्थितीत एका ठोक्याला सुमारे 70 मिलिलिटर रक्त महाधमनीत टाकते. मिनिटाला 72 ठोके धरले तर साधारण 5 लिटर होतात, म्हणजे शरीरात असलेले जवळजवळ सगळे रक्त दर मिनिटाला एकदा हृदयातून जाते. दिवसाचे 7,200 लिटर झाले. उन्हाळ्यात आपल्या सोसायट्यांत येणाऱ्या दहा हजार लिटरच्या टँकरचा जवळजवळ पाऊण भाग. ऐकायला हे प्रचंड वाटते. पण दाब पाहिला तर 120 मिलिमीटर पारा म्हणजे पाण्याचा जेमतेम 1.6 मीटर उंचीचा स्तंभ. तीन मजली इमारतीच्या गच्चीवरची टाकी तळमजल्याच्या नळाला याच्या पाचसहापट दाब देते. प्रवाह आणि दाब यांचा गुणाकार केला की विश्रांतीतील हृदयाचे प्रत्यक्ष उपयुक्त काम सव्वा-दीड वॅटच्या आसपास भरते, तर सोसायटीतला अर्ध्या अश्वशक्तीचा साधा पंप 370 वॅटचा असतो. शक्तीच्या दृष्टीने हृदय किरकोळ यंत्र आहे. त्याचे असामान्यत्व आहे ते दिवसाला सुमारे एक लाख ठोके, तेही स्टँडबाय पंपाशिवाय आणि देखभालीसाठी एकही बंद न घेता, आयुष्यभर देत राहण्यात.

हृदय पंप आहे हे आज शाळकरी मुलालाही ठाऊक असते, पण रक्त फिरून परत येते हे सिद्ध व्हायला 1628 साल उजाडावे लागले. त्याआधी सुमारे दीड हजार वर्षे गेलन या ग्रीक वैद्याचे मत चालत आले होते: रक्त यकृतात तयार होते, शरीरभर जाते आणि तिथेच वापरले जाते. विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने या मताविरुद्ध जो युक्तिवाद केला, तो मला आमच्या खात्यातला वाटतो, कारण तो निव्वळ आवक-जावकेचा ताळेबंद आहे. एका ठोक्याला बाहेर पडणारे रक्त त्याने मुद्दाम कमी धरले, अर्ध्या तासातले ठोके मोजले, गुणाकार केला, आणि दाखवून दिले की इतक्या कमी अंदाजानेही अर्ध्या तासात हृदयातून जाणारे रक्त संपूर्ण शरीरातल्या रक्तापेक्षा जास्त भरते. इतके रक्त खाल्लेल्या अन्नातून दर अर्ध्या तासाला नव्याने तयार होणे शक्य नाही. तेव्हा तेच रक्त परत येत असले पाहिजे. दंडाला पट्टी बांधून, शिरा बोटाने दाबून, आतल्या झडपा रक्ताला फक्त हृदयाकडेच जाऊ देतात हेही त्याने दाखवले. त्या झडपांचे वर्णन पादुआ येथील त्याचे गुरू फॅब्रिशियस यांनी आधीच केले होते, पण त्या कशासाठी आहेत हे त्यांना उमगले नव्हते. धमन्यांतून गेलेले रक्त शिरांत नेमके कुठून शिरते, हे हार्वेलाही दिसले नाही, कारण त्याच्याजवळ सूक्ष्मदर्शक नव्हता. ते 1661 मध्ये मार्सेलो मालपिगीने बेडकाच्या फुप्फुसात केशवाहिन्यांच्या रूपात पाहिले.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. मिनिटाला किती लिटर वाहायचे, हे कोण ठरवते? सहज उत्तर येते की हृदय. परंतु विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी केलेल्या प्रयोगांतून वेगळेच चित्र पुढे आले. निरोगी हृदयाकडे जितके रक्त परत येते तितके ते पुढे ढकलते. जास्त आले तर त्याच्या स्नायूचे तंतू जास्त ताणले जातात आणि ताणलेला तंतू, एका मर्यादेपर्यंत, अधिक जोराने आकुंचन पावतो. यासाठी मेंदूकडून आदेश यावा लागत नाही. प्रत्यारोपण केलेल्या हृदयाच्या चेतातंतूंची जोडणी शस्त्रक्रियेत तुटलेली असते, तरीही तो माणूस चालू लागला की त्या हृदयाचा प्रवाह वाढतो, कारण परतीचे रक्त वाढलेले असते. रक्तातले ॲड्रेनलिन त्यात नंतर भर घालते. याच्या उलट, निरोगी माणूस स्वस्थ पडलेला असताना त्याच्या ठोक्यांचा दर केवळ पेसमेकरने वाढवला, तर मिनिटाचा प्रवाह फारसा वाढत नाही. दोन ठोक्यांमधला भरण्याचा वेळ कमी झाल्याने प्रत्येक ठोक्याचे माप घटते. पंप जोरात फिरवला म्हणून पाणी वाढत नाही, विहिरीत यावे लागते, ही गोष्ट मळ्यात राहणाऱ्या कुणालाही सांगावी लागणार नाही. अमेरिकेतील आर्थर गायटन यांनी पुढे हा विचार गणितात बसवला. अर्थात हृदयाचा स्नायूच दुबळा झाला किंवा झडप निकामी झाली, तर हिशेब बदलतो आणि मग खरोखर पंपच मर्यादा ठरतो. पण निरोगी शरीरात परतीचे रक्त किती, हे ऊतींच्या गरजेवर आणि रक्तवाहिन्यांच्या उघडझापीवर अवलंबून असते.

ही उघडझाप मुख्यतः करतात त्या धमनिका, म्हणजे केशवाहिन्यांच्या अगदी आधीच्या, मिलिमीटरच्या काही शतांश व्यासाच्या वाहिन्या. त्यांच्या भिंतीत गोलाकार स्नायू असतो. महाधमनीपासून मनगटापर्यंत सरासरी दाब फारसा उतरत नाही. तो उतरतो तो या धमनिकांत, 85-90 मिलिमीटरवरून 30-35 पर्यंत. ज्या सूत्राने आम्ही बारीक नळीतला संथ प्रवाह मोजतो, ते सूत्र मुळात झाँ प्वाझॉय या फ्रेंच वैद्याने रक्ताभिसरणाच्या ध्यासातून, काचेच्या केसाएवढ्या नळ्यांवर एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रयोग करून काढलेले आहे, हे मला निवृत्तीनंतर कळले. अभियांत्रिकीच्या वर्गात ते कुणी सांगितले नव्हते. सूत्र सांगते की दाब तोच असताना प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातानुसार बदलतो. त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाह निम्मा होत नाही, सोळावा हिस्सा उरतो. त्रिज्या केवळ 10 टक्क्यांनी घटली तरी एक तृतीयांश प्रवाह जातो. आणि 19 टक्क्यांनी वाढली तर प्रवाह दुप्पट होतो. रक्तात पेशी असल्यामुळे सूत्र तंतोतंत लागू पडत नाही, तरी त्याचा रोख खरा आहे. इतक्या तीव्र नियमामुळेच धमनिकेच्या स्नायूने किंचित सैल सोडले किंवा किंचित आवळले, एवढ्यावर अवयवांचा पुरवठा पालटतो.

पर्वतीच्या 103 पायऱ्या चढताना हे आपल्या शरीरात प्रत्यक्ष घडते. मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे स्नायू काम करू लागले की तिथला प्राणवायू घटतो, कार्बन डायऑक्साइड, आम्लता, पोटॅशियम आणि ॲडिनोसिन वाढते, आणि या बदलांमुळे तिथल्याच धमनिका जागच्या जागी सैल होतात. वरून कुणी हुकूम देण्याची वाट पाहिली जात नाही. त्याच वेळी आतड्यांच्या आणि मूत्रपिंडांच्या धमनिका चेतासंस्थेमार्फत आवळल्या जातात. विश्रांतीत स्नायूंच्या वाट्याला एकूण प्रवाहाचा पाचवा हिस्सा येतो, तर जोरदार व्यायामात पाचातले चार हिस्से तिकडे जाऊ शकतात. दरम्यान एकूण प्रवाहही 5 लिटरवरून 15-20 लिटरवर गेलेला असतो. मेंदूचा पुरवठा या सगळ्या उलथापालथीत बराचसा स्थिर ठेवला जातो. पूर्व भागाला पाणी वाढवायचे म्हणून पेठांचे कमी करण्याचे निर्णय घेताना आम्हाला किती बैठका लागत, ते आठवून मी या व्यवस्थेकडे आदराने बघतो. फुप्फुसांची गोष्ट वेगळी. इतर अवयव समांतर जोडलेले आहेत, पण फुप्फुसे एकसर जोडणीत असल्यामुळे हृदयाच्या उजव्या बाजूला तेवढेच 5 लिटर त्यांच्यातून न्यावे लागतात. मात्र तिथला रोध इतका कमी आहे की 25 मिलिमीटरचा वरचा दाब पुरतो.

पाण्याच्या नळांची उपमा एका ठिकाणी मात्र पुरती मोडते. आमचे नळ ताणले जात नाहीत. महाधमनी ताणली जाते, आणि तिने ताणले जाणे ही चैन नसून गरज आहे. डावा निलय, म्हणजे हृदयाचा खालचा डावा कप्पा, रक्त टाकतो तो ठोक्याच्या साधारण एक तृतीयांश वेळात. उरलेल्या वेळात महाधमनीची झडप बंद असते, म्हणजे पंप पुरवठ्यापासून तुटलेला असतो. तरीही केशवाहिन्यांत रक्त धक्क्याधक्क्याने न जाता जवळजवळ अखंड वाहते, कारण प्रत्येक ठोक्यातले निम्म्याच्या आसपास रक्त महाधमनी आणि मोठ्या धमन्या स्वतः फुगून साठवतात, आणि झडप बंद झाल्यावर पूर्ववत होताना पुढे ढकलतात. पंपिंग स्टेशनवर धक्का शोषण्यासाठी हवेने भरलेले पात्र बसवतात, तेच हे काम. स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मगुरूला ते अठराव्या शतकातच दिसले होते. त्यानेच घोडीच्या धमनीत काचेची नळी बसवून रक्त 8 फूट 3 इंच उंच चढलेले पाहिले आणि 1733 मध्ये ते प्रसिद्ध केले. रक्तदाबाचे हे पहिले मापन मानले जाते.

भिंत ताणली जाते म्हणूनच नाडी लागते. मनगटावर बोट ठेवल्यावर जाणवतो तो हृदयातून आत्ताच निघालेल्या रक्ताचा लोंढा नव्हे. महाधमनीत रक्ताचा सरासरी वेग सेकंदाला 30-35 सेंटिमीटर असतो, तर दाबाची लाट भिंतीवरून सेकंदाला 5 ते 10 मीटर वेगाने धावते. बोटाला ती लाट लागते, आणि तिला ढकलणारे रक्त त्या क्षणी अजून छातीतच असते. या लाटेचा वेग काढण्याचे गणित आणि नळात अचानक व्हॉल्व्ह बंद केल्यावर उठणाऱ्या वॉटर हॅमरच्या वेगाचे गणित एकच आहे. कोर्तेवेख या डच गणितज्ञाने ते 1878 मध्ये मांडले, आणि त्याच्या कितीतरी आधी, 1808 मध्ये, थॉमस यंग या वैद्याने धमन्यांच्याच निमित्ताने त्याचा पाया घातला होता. ताठरतेचा गुणांक ज्याच्या नावाने आम्ही आयुष्यभर वापरला तोच हा यंग. पोलादी नळात ही लाट सेकंदाला हजार मीटरच्या आसपास पळते. वयाबरोबर महाधमनीतले लवचीक तंतू झिजतात, भिंत ताठरते, लाट वेगाने जाते आणि साठवणूक कमी होते. परिणाम असा की ठोक्याच्या वेळी दाब जास्त चढतो आणि दोन ठोक्यांच्या मधे जास्त उतरतो. साठीनंतर अनेकांचा वरचा आकडा वाढत राहतो आणि खालचा कमी होऊ लागतो, त्याचे मुख्य कारण हे आहे. "माझा खालचा तर 70 आहे, मग काळजी कशाला," असे टेकडीवर म्हणणाऱ्यांना दोन आकड्यांमधले अंतरही वाचायला सांगावेसे वाटते.

केशवाहिन्यांबद्दल थोडक्यात. एकेक केशवाहिनी तांबड्या पेशीएवढीच रुंद, कधी तिच्याहून अरुंद, त्यामुळे पेशीला वाकून जावे लागते. पण त्यांची संख्या इतकी आहे की सगळ्यांचे मिळून क्षेत्रफळ महाधमनीच्या छेदाच्या सुमारे हजारपट होते, आणि म्हणून वेगही तितकाच उतरून सेकंदाला मिलिमीटरच्या आत येतो. देवघेव करायला पेशीला एकदोन सेकंद मिळतात ते यामुळे. शरीरातल्या रक्तवाहिन्या एकापुढे एक जोडल्या तर एक लाख किलोमीटर भरतात, हा व्हॉट्सॲपवर नित्य फिरणारा आकडा मात्र जपून घ्यावा. त्याचा उगम ऑगस्ट क्रोग या डॅनिश शास्त्रज्ञाच्या शंभर वर्षांपूर्वीच्या अंदाजात आहे आणि त्यात भरपूर स्नायू असलेला माणूस धरला होता. अलीकडचे अंदाज त्याच्या पाचव्या हिश्श्याच्याही आत आहेत.

शिरांकडे कुणी लक्ष देत नाही, आणि तिथेच शरीरातले दोन तृतीयांशाच्या आसपास रक्त असते. माणूस उभा असताना हृदयापासून पावलापर्यंतचा रक्ताचा स्तंभ पावलाच्या शिरेत 90 मिलिमीटरच्या आसपास दाब निर्माण करतो. चालू लागले की पोटरीचा स्नायू शिरा पिळतो, झडपा रक्ताला खाली येऊ देत नाहीत, आणि हाच दाब 30 च्याही खाली उतरतो. निश्चल उभे राहिले की ही सोय बंद पडते. गणेशोत्सवात दगडूशेठच्या रांगेत किंवा लक्ष्मी रस्त्यावर मिरवणूक बघताना तासन्‌तास उभे राहिलेल्या एखाद्याला भोवळ येते, तेव्हा भोवती जमलेले लोक "हार्टचे काही असेल" म्हणतात. बहुतेक वेळा हृदय धडधाकट असते. पायांच्या शिरांत अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त साचलेले असते, उकाड्याने त्वचेच्या वाहिन्या उघडलेल्या असतात, परतीचे रक्त कमी पडते आणि मेंदूचा दाब घसरतो. आडवे केल्यावर माणूस काही क्षणांत सावध होतो, तो स्तंभच नाहीसा झाल्यामुळे. त्याला लगेच खुर्चीत बसवण्याची आपल्याकडची घाई म्हणूनच चुकीची आहे. अर्थात छातीत दुखत असेल किंवा शुद्ध लवकर येत नसेल, तर रुग्णवाहिकाच बोलवावी.

औषधांकडे पाहिले की वाहिन्यांचा हा अधिकार आणखी स्पष्ट होतो. छातीत दुखू लागले की जिभेखाली ठेवतात ती सॉर्बिट्रेटची गोळी मुख्यतः शिरा सैल करते. परतीचे रक्त कमी होते, हृदयाला कमी भरावे आणि कमी ढकलावे लागते, म्हणून दुखणे थांबते. तिच्यातून सुटणारा नायट्रिक ऑक्साइड हा वायू आपल्या रक्तवाहिन्यांचे अस्तरही स्वतः तयार करते, आणि त्या शोधासाठी फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना 1998 चे नोबेल मिळाले. रक्तदाबासाठी सर्रास दिली जाणारी ॲम्लोडिपिन धमनिकांचा स्नायू सैल करते. शिरांवर मात्र तिचा तसा परिणाम होत नाही; येणारी वाट रुंद झाली, जाणारी तेवढीच राहिली, म्हणून केशवाहिन्यांतला दाब वाढतो आणि पाणी बाहेर झिरपते. आमच्या कट्ट्यावर अनेकांचे घोटे सुजतात आणि ते मूत्रपिंडाची भीती घेऊन बसतात, तेव्हा हे कारण डॉक्टरांना विचारून पडताळावे. गोळी मात्र मनाने बंद करू नये.

हृदयाच्या स्वतःच्या वाहिन्यांनाही हाच न्याय लागू होतो, आणि तिथे तो सर्वांत कठोर आहे. हृद्‌धमन्या महाधमनीच्या अगदी मुळाशी फुटतात, परंतु डाव्या निलयाचा स्नायू आवळला असताना आपल्याच वाहिन्या चिरडतो, त्यामुळे त्याला रक्त मिळते ते मुख्यतः तो सैल असताना. ठोके जलद झाले की ही सैल वेळच सर्वांत जास्त कापली जाते. मिनिटाला 72 ठोके असताना एका ठोक्याला सुमारे 0.83 सेकंद मिळतात. 150 झाले की सगळे मिळून 0.4 सेकंद उरतात, आणि गरज तर वाढलेली असते. शिवाय हृदयाचा स्नायू विश्रांतीतही आपल्या रक्तातला 70 टक्क्यांच्या आसपास प्राणवायू काढून घेतो, जिथे बाकीच्या शरीराची सरासरी 25 टक्के आहे. म्हणजे अधिक प्राणवायू हवा असेल तर अधिक रक्त आणणे हाच एक मार्ग उरतो.

समजा, एका हृद्‌धमनीत चरबी आणि चुना साचून व्यास निम्मा झाला. प्वाझॉयच्या सूत्राने हाहाकार व्हायला हवा. परंतु खुर्चीत बसलेल्या माणसाला काहीच जाणवत नाही. अडथळ्याच्या पुढच्या धमनिका आपणहून सैल होतात आणि वाढलेला रोध भरून काढतात. बसल्या जागी मिळणारा प्रवाह घटू लागायला व्यासाचा बराच मोठा, 80 टक्क्यांहून अधिक भाग बुजावा लागतो. पण सैल होण्याची ती शिल्लक बसल्या बसल्याच खर्च झालेली असते, म्हणून पर्वतीच्या पायऱ्यांवर अधिक रक्त मागितले की पुढे उघडायला काही उरत नाही आणि छातीवर दडपण येते. दोन मिनिटे थांबले की ते जाते. लोक त्याला दम म्हणतात, गॅस म्हणतात, आणि पुन्हा चढू लागतात. आडवे झोपवून काढलेला ईसीजी अशा माणसात पूर्ण नॉर्मल येऊ शकतो, कारण त्या वेळी स्नायूला खरोखरच काही कमी पडत नसते. पट्ट्यावर चालवून स्ट्रेस टेस्ट करतात ती ही शिल्लक किती उरली आहे ते पाहण्यासाठी, आणि आमच्या कट्ट्यावर ईसीजीचा कागद दाखवून निर्धास्त होणाऱ्यांपैकी ज्यांना चढावर छाती भरून येते, त्यांनी तो कागद घडी करून ठेवावा आणि हृदयरोगतज्ज्ञाकडे जावे.